तिसरा रकाना

सोहारला, बंदरामागच्या टाक्यांवर
मी फीत सोडतो. एवढंच काम.
टोकाला पितळी ओळंबा,
चौदा मीटर खाली, तळाला टेकला की हाताला कळतं.
वर ओढायची, ओली खूण वाचायची, लिहायची.
दोन वाचनांत तीन मिलिमीटरहून जास्त फरक आला
की पुन्हा.
सत्तेचाळीस डिग्रीत, पुन्हा.

खोलीत आम्ही सहा.
धुरी दर अवसेला आंबोलीच्या चंपूताईला
व्हिडिओ लावतो. पाचशे एक आधी पाठवायचे.
ती लिंबू धरते कपाळाशी, डोळे मिटते,
आणि नेट अडकलं की चेहरा गोठतो तिचा
अर्ध्या जांभईत.
धुरी म्हणतो, बघ, लागली समाधी.

परकारला हे सगळं हराम,
पण ती बोलायला लागली की
चहाची किटली घेऊन तो जवळच सरकतो.
यादगिरी म्हणतो, आमच्याकडचा पोपट बरा,
चुकला तरी मिरचीच खायचा, पाचशे एक नाही.

मी एक वही केली. कंपनीचीच, निळ्या शिक्क्याची.
रकाने तीन : तारीख, काय म्हणाली, काय झालं.

"पाण्यापासून जप."
मंगळवारी टँकर आलाच नाही. जपला.
"उत्तरेकडून बातमी येईल."
आमच्या उत्तरेला समुद्र, त्यापलीकडे इराण. बातमी रोजच असते.
"घरात कुणाचा तरी गुडघा."
कुणाचा नाही?
"जानेवारीत मुलगा."
मार्चमध्ये मुलगी. नाव ठेवलं जान्हवी.
धुरी म्हणाला, जानेवारीतलं 'जा' आलं की नाही?

वर्ष सरलं तेव्हा वाचून दाखवली सगळी.
छप्पन्न नोंदी. चार बरोबर.
नऊ अशा, की कुणाच्याही अंगाला बसतील.
बाकीच्यांपुढे कोरा कागद.
कुणी रागावलं नाही, तेच जरा लागलं मला.
धुरी बांगड्याचं पोट साफ करत होता.
मान वर न करता म्हणाला,
"त्या चार कुठल्या, परत वाच."

मग जून. कंत्राटाची यादी लागायची होती.
रात्री दोनला धुरीनं माझी खाट हलवली.
चंपूताईचा फोन बंद, तीन दिवस.
"तू सांग."
मी काय सांगू?
"रोज काळोखात दोरी सोडून सांगतोस ना, किती उरलंय ते?"

खाली तेल असतं बाबा, म्हणून सांगतो.
उद्याला तळ नसतो ओळंबा टेकायला.
हे वाक्य तयार होतं. अगदी दातांपर्यंत आलेलं.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं,
आणि धुरीनं माझा अंगठा धरला होता,
मनगट नाही, अंगठा, लहान मूल धरतं तसा.
मी म्हटलं,
"होईल रे तुझं."

झालं.
परकारचं नाही झालं.
त्याच्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं.

आता मेसमध्ये धुरी सांगत फिरतो,
ह्याच्या जिभेवर तीळ आहे, काळा.
काल वेल्डिंगचा एक पोरगा, मिसरूड न फुटलेला,
वाट अडवून म्हणाला, जीभ दाखवा.
दाखवली.
नंतर न्हाणीघराच्या आरशात मीही पाहिली,
दिव्याखाली, दोन्ही कडा उलटून,
वाचनात फरक आल्यासारखी पुन्हा.
नाही. काही नाही.

वहीत लिहिलं.
तारीख.
काय म्हणाला : होईल.
तिसऱ्या रकान्यात बराच वेळ पेन टेकून राहिला, शाईचा ठिपका पडला,
तिळाएवढा.
त्याच्या पुढे लिहिलं :
परकार, पंधरा तारखेला, मस्कतहून.
किटली इथेच ठेवून गेला.